रक्तातलं नॅनोग्रॅम मोजताना: आरआयए, पहिल्या नळीपासून शेवटच्या पिशवीपर्यंत

नळी उलटी केली, निवळी ठरलेल्या सिंकमध्ये गेली, आणि नळी तशीच उलटी टीपकागदावर टेकवली. तळाशी पांढरट साका चिकटलेला दिसतो, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. रुग्णाच्या थायरॉइडचा हिशेब त्या साक्यात असतो. नवीन मुलंमुली नेमकी इथे घाई करतात. शेवटचा थेंब पडावा म्हणून नळीला झटका देतात आणि साका निवळीबरोबर निघून जातो. मग काउंट, म्हणजे यंत्राने नळीतून टिपलेल्या किरणांची संख्या, कमी येतात. या पद्धतीत काउंट कमी म्हणजे हार्मोन जास्त. म्हणजे धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर थायरॉइड वाढल्याचा आकडा छापला जातो, आणि एखाद्याला नको ती गोळी सुरू होते.

नाशिकमध्ये मी बरीच वर्षं रेडिओइम्युनोअ‍ॅसे, म्हणजे आमच्या बोलीत आरआयए, करते आणि शिकवते. आता बहुतेक लॅबमध्ये केमिल्युमिनेसन्सची यंत्रं आली आहेत. सॅम्पल आत ठेवायचं, आकडा बाहेर येतो. तरी डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब तंत्रज्ञाच्या पदविकेच्या, मुलांना मी आधी हीच पद्धत हाताने करायला लावते. यंत्राच्या पोटात जे घडतं ते इथे डोळ्यांसमोर घडतं. तिथे लेबल प्रकाशाचं, इथे किरणोत्साराचं. स्पर्धात्मक तपासणीचं गणित मात्र एकच.

आधी तत्त्व समजून घ्या

नाशिकहून सुरगाण्याला जाणारी एसटी डोळ्यांसमोर आणा. जागा मोजक्या. काही प्रवाशांच्या दंडाला पिवळी फीत बांधली आहे, बाकीचे साधे. दोघांनाही बसायची सारखीच इच्छा, सारखाच हक्क. साधे प्रवासी थोडे असतील तर बहुतेक जागांवर फीतवाले दिसतील. साध्यांची गर्दी झाली तर फीतवाले उभे राहतील. बस भरल्यावर बसलेल्यांपैकी फीतवाले तेवढे मोजले, तर साधे किती चढले होते याचा अंदाज बांधता येतो.

जागा म्हणजे प्रतिपिंड (अँटिबॉडी), हार्मोनला धरून ठेवणारी प्रथिनं, मुद्दाम कमी ठेवलेले. फीतवाले म्हणजे आयोडीन-१२५ जोडलेलं हार्मोन, ज्याला आम्ही ट्रेसर म्हणतो. साधे प्रवासी म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं हार्मोन. एसटीत एकदा बसलेला माणूस उठत नाही; नळीत मात्र सतत उठबस चालू असते. काही वेळाने बसणारे आणि उठणारे सारखे होतात, आणि तिथवर पोहोचायला वेळ आणि ठरावीक तापमान लागतं. किटबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेली मिनिटं त्यासाठीच असतात.

ही पद्धत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात उभी केली. शोधत होते वेगळंच. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात किरणोत्सारी इन्सुलिन जास्त वेळ का टिकतं, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर मिळालं की त्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंड तयार झालेले असतात. एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड बनतील हे तेव्हा कुणाला पटेना, आणि त्यांचा निबंध परत आला. ते नकाराचं पत्र यालो यांनी जपून ठेवलं आणि १९७७ साली नोबेल व्याख्यानात दाखवलं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते, त्यामुळे तो मान त्यांना मिळाला नाही. दोघांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. जगभरच्या लॅबना ती मोकळेपणी वापरता आली, त्यात आपणही आलो.

परवानगी, किट आणि दिवसांचा हिशेब

आरआयए लॅब उघडायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाची रीतसर परवानगी लागते. अर्ज त्यांच्या ई-लोरा प्रणालीवरून होतो. किट आपल्याकडे वाशीच्या ब्रिटकडून, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून, मिळतात. पेटी कसारा घाट चढून येते. मे महिन्यात येत असेल तर हातात पडल्याबरोबर उघडून आतला थंडपणा तपासा आणि सगळं २ ते ८ अंशांत ठेवा.

आयोडीन-१२५ चं अर्धायुष्य सुमारे ६० दिवस. ट्रेसर कपाटात ठेवला तरी दररोज थोडा विझत असतो. पहिल्या दिवशी एकूण काउंट ३६,००० येत असतील तर तिसाव्या दिवशी ते साधारण २५,४०० येतील, साठाव्या दिवशी १८,०००. म्हणून किटची मुदत आठवड्यांत असते आणि ‘ऑफर आहे म्हणून जास्त मागवून ठेवू’ हा हिशेब इथे चालत नाही. रुग्ण किती येतात ते बघून मागवा.

रक्त घेताना

थायरॉइडसाठी साधी, गोठू देणारी नळी घ्या. अर्धा तास उभी ठेवा, पूर्ण गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज करा. घाईने फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात. ते पिपेटच्या टिपेत अडकतात आणि २५ मायक्रोलिटरऐवजी १८ च जातात. डोळ्यांना ते कळतसुद्धा नाही. इन्सुलिन मोजायचं असेल तर सीरम लालसर झालेलं अजिबात चालत नाही. फुटलेल्या लाल पेशींतून बाहेर पडणारं विकर इन्सुलिन खाऊन टाकतं.

रक्त घेताना दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. पहिला: गेल्या काही दिवसांत स्कॅन झालंय का, ज्यात शिरेतून किंवा तोंडातून किरणोत्सारी औषध दिलं होतं? दिलं असेल तर रुग्णाचं सीरम स्वतःच काउंट देतं आणि सगळं गणित बिघडतं. शंका आली तर त्या सीरमची एक नळी नुसतीच काउंटरमध्ये ठेवून बघा. दुसरा: केस गळतात म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत का? त्यांत बायोटिन भरपूर असतं, आणि बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर चालणाऱ्या किटमध्ये त्याने आकडे उलटेसुलटे होतात. कॉलेज रोडच्या लॅबचा आणि तुमचा रिपोर्ट जुळत नाही म्हणून कुणी भांडायला आलं, तर हे आधी विचारा.

आरआयए एकेका सॅम्पलसाठी लावत नाहीत. पुरेसे रुग्ण जमले की बॅच लावतात. तोवर सीरम उणे २० अंशांत. एकाच सीरमला दोन-तीनदा वितळवून पुन्हा गोठवू नका, सुरुवातीलाच छोट्या भागांत वाटून ठेवा. वीज गेली तर किती वेळ गेली ते फ्रीजरच्या दारावर लिहा. आणि रिपोर्टची खरी तारीख सांगा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून येणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी असते.

रॅक मांडणे

नळ्यांना आकडे घाला, प्रत्येक गोष्ट दोन-दोन नळ्यांत. पहिल्या दोन ‘एकूण’: त्यांत फक्त ट्रेसर, पुढे त्यांना हातही लावायचा नाही. ३ आणि ४ मध्ये प्रतिपिंड सोडून सगळं. प्रतिपिंड नसतानाही नळीच्या भिंतीला आणि साक्याला किती ट्रेसर चिकटतो ते यावरून कळतं. ५ आणि ६ शून्य स्टँडर्ड; स्टँडर्ड म्हणजे ज्यात हार्मोन किती ते आधीच माहीत असतं, शून्यात काहीच नसतं. ७ ते १६ मध्ये पाच स्टँडर्ड, टी४ साठी (थायरॉइडचं थायरॉक्सिन हार्मोन) समजा २, ४, ८, १६ आणि २४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. १७ ते २० मध्ये कमी आणि जास्त कंट्रोल, म्हणजे ज्यांचं उत्तर कुठल्या हद्दीत यायला हवं ते ठाऊक असलेली सॅम्पलं. रुग्ण २१ पासून.

म्हणजे वीस नळ्या रुग्णाच्या नाहीतच. किट महाग आहे, नळ्या वाचवू, एकूणच्या दोन कशाला, कंट्रोल मागच्या वेळी लावलाच होता, असं मनात येतं आणि वरूनही सांगितलं जातं. ऐकू नका. रुग्णाच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा, याचं उत्तर याच वीस नळ्यांत असतं.

आता पिपेट. टिप प्रत्येक सॅम्पलला नवी. सीरम दाट असतं, म्हणून एकदा भरून सोडून टिप ओली करून घ्या आणि दुसऱ्यांदा भरलेलं नळीत टाका. टिपेच्या बाहेरचा थेंब नळीच्या काठाला टेकवून काढा. सीरम तळाशी सोडायचं, भिंतीवर नाही. मग सगळ्या नळ्यांना ट्रेसर, आणि शेवटी प्रतिपिंड. टी४ रक्तात जवळजवळ सगळं प्रथिनांना चिकटलेलं असतं, त्याला सोडवणारं रसायन किटमध्येच मिसळलेलं असतं. ते नसतं तर बसमध्ये चढायला प्रवासीच नाहीत. पहिल्या नळीपासून शेवटच्यापर्यंत हाताचा वेग सारखा ठेवा. मध्ये फोन घेऊ नका. प्रत्येक नळी व्हॉर्टेक्सवर (नळी घुसळणारं यंत्र) दोन-तीन सेकंद फिरवा, फेस येऊ देऊ नका.

तापमान

नाशिकच्या थंडीबद्दल मी जरा जास्तच बोलते, त्याला कारण आहे. किटच्या कागदावर ‘खोलीच्या तापमानात’ असं लिहिलेलं असतं. कागद लिहिणाऱ्याच्या मनात २५ अंशांची खोली असते. आपल्याकडे जानेवारीत निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो, आणि शहरातली लॅबची खोली सकाळी आठला चांगलीच गारठलेली असते.

मी नवीन होते तेव्हा एका लॅबमध्ये अशाच सकाळी खिडकीजवळच्या कडप्प्याच्या ओट्यावर रॅक ठेवला. दगड खालून ऊब ओढून घेत होता, हे लक्षात आलं नाही. शून्य नळीत ट्रेसरपैकी ४० टक्के बांधला जायला हवा होता, २६ टक्केच गेला. कमी कंट्रोल हद्दीबाहेर. ‘थोडंच बाहेर आहे, देऊन टाक’ असं मला सांगण्यात आलं. मी दिले नाहीत. बॅच पुन्हा लावावी लागली, आणि पेठहून आलेल्या एक आजी रिकाम्या हाताने संध्याकाळच्या एसटीने परत गेल्या. त्यांचे ‘बरं बाई, परत येते’ हे शब्द अजून कानात आहेत.

तेव्हापासून बारा महिने वॉटर बाथ वापरते. किट ज्या तापमानावर तपासलेला आहे तेच लावा. पाण्याची पातळी नळीतल्या द्रवाच्या वर असू द्या आणि बाथच्या आकड्यावर न विसंबता वेगळा थर्मामीटर बुडवून बघा.

साका वेगळा करणे

वेळ भरली की बसलेले आणि उभे वेगळे करायचे. कोळशाची भुकटी वापरतात, आतून प्रतिपिंड लावलेल्या नळ्या असतात, चुंबकीय कणही असतात. आपल्याकडे दुसरा प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला धरणारा) आणि त्याला तळाशी बसायला मदत करणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, ही जोडी जास्त दिसते. हे द्रावण ‘एकूण’च्या दोन सोडून प्रत्येक नळीत घाला, फिरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा; नळी दुधाळ दिसू लागते. मग सेंट्रिफ्यूज करा. यंत्र थांबल्यावर नळ्या लगेच बाहेर काढा, कारण ताटकळलेला साका सैल होतो. रॅक एकाच संथ हालचालीत उलटा करा. टीपकागदावर पाच मिनिटं. काठावर लोंबणारा थेंब कागदाला हलकेच टेकवून टिपा. झटका नाही, आपटणं नाही. प्रत्येक नळीचा तळ उजेडात धरून बघा, आणि जिथे साका दिसत नाही तो नंबर तिथल्या तिथे वहीत लिहा.

मोजणे आणि वक्र

गॅमा काउंटर आधी रिकामा चालवून पार्श्वभूमीचे काउंट घ्या. बऱ्याच विहिरींचं (नळी ठेवायच्या खाचांचं) यंत्र असेल तर एकच नळी प्रत्येक विहिरीत ठेवून त्या सारख्या मोजतात का ते तपासा. मोजणी एक मिनिट. किरणोत्सार हा मुळातच अनियमित टपकणाऱ्या थेंबांसारखा असल्याने १०,००० काउंटमध्ये १०० इकडेतिकडे होणारच, म्हणजे १ टक्का. १,००० मध्ये तीच चूक ३ टक्क्यांवर जाते. किट जुना झाला की मिनिटं वाढवायची ती म्हणून.

एक बॅच हाताने सोडवू. एकूण ३६,०००. प्रतिपिंड नसलेली नळी १,२००. शून्य १६,२००. म्हणजे शून्याचे निव्वळ काउंट १५,०००, एकूणच्या जवळपास ४२ टक्के, चांगलं. आता प्रत्येक नळीतून १,२०० वजा करून १५,००० ने भागायचं. स्टँडर्ड २ ला १२,७०० आले, म्हणजे ७७ टक्के. ४ ला १०,३५०, म्हणजे ६१. ८ ला ७,६५०, म्हणजे ४३. १६ ला ५,२५०, म्हणजे २७. २४ ला ४,२००, म्हणजे २०. रुग्णाच्या दोन नळ्या ८,९४० आणि ९,१६०; सरासरी ९,०५०, निव्वळ ७,८५०, म्हणजे ५२ टक्के. हे ४ आणि ८ च्या मध्ये पडतं. लॉजिट-लॉग आलेखावर (यात वक्राची जवळजवळ सरळ रेघ होते) रेघ ओढली की ५.६ च्या आसपास उत्तर येतं. टी४ ची नेहमीची मर्यादा साधारण ५ ते १२ असते, तेव्हा रुग्ण हद्दीत आहे, पण खालच्या टोकाला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, बघितल्याशिवाय डॉक्टरांना याचा पुरता अर्थ लागणार नाही.

सॉफ्टवेअर हे क्षणात करतं. तरी पहिल्या दहा बॅच कागदावर सोडवा. स्टँडर्डच्या वक्राची दोन्ही टोकं कशी सपाट होतात हे पेन्सिलने ओढल्यावरच ध्यानात येतं: तिथे काउंटमधला जरासा फरक आकड्यात मोठी उडी मारतो. टोकाबाहेरचा आकडा छापू नका. वर असेल तर शून्य स्टँडर्डमध्ये पातळ करून पुन्हा लावा, खाली असेल तर ‘अमुकपेक्षा कमी’ लिहा.

रिपोर्टवर सही करण्याआधी बघायचं ते असं. दोन जुळ्या नळ्यांत फार तफावत असेल तर सरासरी काढू नका, पुन्हा लावा. एक बरोबर आणि एक चूक यांची सरासरी चूकच असते. दोन्ही कंट्रोल त्यांच्या हद्दीत हवेत, आणि हद्दीत असूनही सलग सात-आठ बॅच एकाच बाजूला झुकत असतील तर काहीतरी सरकतंय, बहुधा पिपेट. वक्र ५० टक्क्यांना कुठे छेदतो तो आकडा दर वेळी वहीत लिहा, बॅचचा आजार तिथे सगळ्यात आधी दिसतो.

आणि रुग्णाची अवस्था. गर्भारपणात थायरॉक्सिन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, म्हणून एकूण टी४ वाढलेलं दिसतं. तो रोग नव्हे. क्वचित कुणाच्या रक्तात टी४ विरुद्ध स्वतःचेच प्रतिपिंड असतात. ते ट्रेसर पळवतात, आणि साका कसा पाडला यावर अवलंबून आकडा खोटा वाढतो किंवा खोटा घटतो. टी४ आणि टीएसएच एकमेकांशी अजिबात जुळत नसतील तर डॉक्टरांना फोन करा.

टीएसएचचं उलटं

टीएसएच बहुधा इर्मा (इम्युनोरेडिओमेट्रिक अ‍ॅसे) पद्धतीने करतात. तिथे लेबल हार्मोनला नसून प्रतिपिंडाला असतं, प्रतिपिंड भरपूर असतात, आणि हार्मोन दोन प्रतिपिंडांच्या मध्ये धरलं जातं. इथे काउंट जास्त म्हणजे हार्मोन जास्त. एकाच टेबलावर दोन्ही लावत असाल तर रॅकना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. प्रोलॅक्टिनसारख्या तपासणीत हार्मोन अफाट असेल तर दोन्ही प्रतिपिंड वेगवेगळ्या रेणूंवर गुंततात आणि काउंट उलट घसरतात. पिट्युटरी ग्रंथीची मोठी गाठ आणि बेताचं प्रोलॅक्टिन अशी जोडी दिसली की शंभरपट पातळ करून पुन्हा लावा.

सांभाळणे आणि विल्हेवाट

किटमधली किरणोत्सारी मात्रा अगदी कमी असते आणि आयोडीन-१२५ चे किरण पातळ शिशाच्या पत्र्यानेही अडतात. पण पोटात गेलेलं आयोडीन थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. म्हणून तोंडाने पिपेट ओढणं, टेबलाशी चहा, ट्रेसरच्या फ्रीजमध्ये डबा ठेवणं, सगळं बंद. हातमोजे, कोट, आणि कागद अंथरलेला ट्रे. सांडलं तर आधी टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्याने पुसा, मग मीटर फिरवून बघा. रक्त सांडलं की हायपोक्लोराइट ओतायचा हात आपल्याला असतो, इथे थांबा. त्याने आणि आम्लाने आयोडीन वायुरूपात सुटू शकतं.

निवळी अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेल्या मर्यादेत, ठरलेल्या सिंकमध्ये, भरपूर पाण्याबरोबर सोडायची आणि प्रत्येक वेळी नोंद करायची. नळ्या आणि टिपा पिशवीत बंद करून खोक्यावर समस्थानिकाचं नाव, तारीख आणि अंदाजे मात्रा लिहून कुलपात ठेवायच्या. दहा अर्धायुष्यांत किरणोत्सार हजारावा हिस्सा उरतो. ६० दिवसांच्या हिशेबाने ते ६०० दिवस होतात: १ जानेवारी २०२४ ला बंद केलेली पिशवी २३ ऑगस्ट २०२५ पर्यंत थांबते. त्या दिवशी मीटर लावायचा. पार्श्वभूमीइतकंच दाखवत असेल तर खोक्यावरचं किरणोत्साराचं चिन्ह काळ्या मार्करने पूर्ण खोडायचं, म्हणजे पुढे कचरा उचलणारा माणूस घाबरणार नाही, आणि प्लॅस्टिकच्या नळ्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या लाल पिशवीत जातील. वहीत तारीख, मीटरचा आकडा आणि सही.